एका घरात दोन गट झाले की घर कसं चालवायचं? (थोडं लांब आहे, पण वाचा)

पेठेतली_थोरली

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबड लागली तर सांभाळून घ्या. पक्षांची नावं मी मुद्दाम घालणार नाहीये, कारण नाव घातलं की पुढचे सगळे प्रतिसाद त्या पक्षावरच येतात आणि मला बोलायचंय घरावर.

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. सासूबाई, आम्ही दोघं, धाकटे भावजी आणि जाऊबाई, दोघांची मिळून चार पोरं, चूल एकच. सासरे गेल्यावरसुद्धा एकच राहिली, याचं पेठेत लोकांना कौतुक होतं. हे आणि भावजी कॉलेजपासून एकाच पक्षाचे, एकाच शाखेत बसणारे, दसऱ्याला एकाच गाडीतून मुंबईला मेळाव्याला जाणारे. जून 2022 मध्ये तो पक्ष फुटला आणि हे एकीकडं राहिले, भावजी दुसरीकडं गेले. सुरुवातीला नुसती चर्चा व्हायची, रात्री जेवण झाल्यावर, आवाज चढायचे पण झोपायच्या आधी सुपारी एकाच डब्यातली खायचे. मग टीव्हीवरचे शब्द घरात आले. गद्दार, खोके, लाचार. हे शब्द सभेत कोणी कोणाला म्हणालं तर म्हणालं, पण सख्ख्या भावानं सख्ख्या भावाला ताटावर बसून म्हटलं की ते कानातून जात नाहीत हो. भावजी त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठले आणि तेव्हापासून दोघांच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या आहेत.

2024 ला लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या आणि उरलंसुरलं गेलं. 4 जूनला एका भावाच्या अंगावर गुलाल, 23 नोव्हेंबरला दुसऱ्याच्या. दोन्ही दिवशी दारात फटाके लागले ते विरोधकांना ऐकू जावेत म्हणून, आणि विरोधक माडीवरच बसलेला. आता भावजींनी वाटणीचा विषय काढलाय. निमित्त गाडी लावायच्या जागेचं आहे पण खरं कारण घरातल्या लहान पोरालाही माहितीय.

माझं माहेर कागल तालुक्यातलं, त्यामुळे गटतट मला नवीन नाही. कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात आणि त्या विद्यापीठात आम्ही पाळण्यापासून शिकलोय. माझे वडील एका गटात, चुलते दुसऱ्या. इलेक्शनला दोघं समोरासमोर बूथवर बसायचे. पण भांडण कशाचं होतं? सोसायटीचा चेअरमन कोण, कारखान्यात आपला संचालक असेल का, आपल्या उसाला तोड कधी मिळेल याचं. हरलं की हरलं, वर्षभर कळ काढायची, आणि चुलत बहिणीच्या लग्नात वाढायला वडीलच पुढं असायचे. आता भांडण आहे ते तू माणूस म्हणून कसला आहेस याचं. त्यात हरणं-जिंकणं कुठं संपतं? आणि इलेक्शन पाच वर्षांनी येतं, मोबाईल रोज येतो. सकाळी दात घासायच्या आधी एकमेकांचं स्टेटस बघतात, बोलत नाहीत पण स्टेटस बघतात, आणि मग दिवसभराचा राग आम्हा बायकांच्या अंगावर.

आम्ही दोघी जावा निरोप्या झालोय. त्याला सांग लाईट बिल भरलंय, त्यांना सांगा आईला दवाखान्यात न्यायचंय. दोघं एका सोफ्याच्या दोन टोकांना आणि मी मधे उभी राहून बोलतेय. माझं आणि जाऊबाईंचं काही वाकडं नाही, पण एकत्र हसलो तरी आता दोन्हीकडून विचारतात काय चाललंय म्हणून. आमचं मत कुणी विचारलेलं नाही. मला मत आहे, आणि ते दोघांपेक्षाही वेगळं आहे, ते मी घरात उच्चारत नाही.

तुमच्या घरात असं आहे का, असेल तर कसं निभावताय ते मनापासून सांगा. राजकारण चांगलं का वाईट हा विषय नको.

वेदगंगाकाठ

ताई तुमी माझ्याच तालुक्याच्या निघालात. पण एक सांगतो, राग मानू नका, तुमी म्हणताय की आधीचं भांडण संपायचं, आमच्यात न्हाई संपलं. आमच्या गावात दूध संस्था दोन, विकास सोसायट्या दोन, तालमी दोन, तरुण मंडळं दोन. दूध कुठं घालतोय ह्यावर माणूस कुठला ते कळतंय. आमचे आबा आणि थोरले चुलते संस्थेच्या ठरावावरनं तुटले. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, गोकुळच्या, म्हणजे आमच्या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत प्रत्येक शेतकरी मत देत नाही, गावच्या दूध संस्थेनं ज्याच्या नावानं ठराव केलाय तोच मत देतो, 2021 च्या निवडणुकीला जिल्ह्यात असे साडेतीन हजारांवर ठरावधारक होते, त्यामुळे ठराव कुणाच्या नावाचा ह्याला किंमत किती असते बघा, महिना महिना सहलीवर नेऊन ठेवतात माणसांना. ठराव चुलत्यांच्या नावाचा झाला, आबांचं म्हणणं माझं दूध जास्त, माझ्या नावाचा पाहिजे होता. तिथनं बोलणं बंद. पुढं एक साल आमच्या उसाला तोड आली न्हाई, मार्च लागला, तुरे आले, वजन गेलं. आबांना वाटायचं ही भावानंच लावलेली काडी. खरं खोटं देव जाणे.

2019 च्या ऑगस्टला पाणी आलं तेव्हा आमचा गोठा बुडायला लागला. चुलत्यांचा मळा उंचावर. चुलती रात्री कंदील घेऊन आली आणि आबांना काय बोललीच न्हाई, सरळ दावी सोडून म्हसरं घेऊन चालाय लागली. आबा मागनं. पाणी उतरेस्तोवर म्हसरं तिथंच, धारा तिथंच काढायच्या, आणि गंमत अशी की आमचं दूध आमच्या संस्थेला आणि त्यांचं त्यांच्या संस्थेला त्याच मळ्यातनं जायचं. बोलणं सुरू झालं ते तिथनं. गट आजबी वेगळेच आहेत, कुणी कुणाचा गट बदलायला सांगितलं न्हाई. माझं एवढंच म्हणणं की भाऊ तुटायला मोबाईल लागतोच असं न्हाई.

पेठेतली_थोरली

दादा राग कशाला. उसाचं वाचून पोटात तुटलं, तोड न आलेल्या घरात ते साल कसं जातं ते मला माहितीय. तुमचं म्हणणं बरोबर आहे की तेव्हाही घरं तुटायची, माझ्या माहेरी नाही तुटलं म्हणून कुठंच नाही असं मी म्हणायला नको होतं. पण चुलती कंदील घेऊन आल्या ना. आमच्याकडं माडी आणि खालचा मजला यात बारा पायऱ्या आहेत, त्या कुणी चढत नाही.

हिंजवडीकर_मूळ_उत्तरेश्वर

मी म्हणेन सरळ वाटणी करून मोकळे व्हा. आमच्याकडं केली. फॅमिली ग्रुप सोडला, वेगळा फ्लॅट घेतला, आता दिवाळीला दोन तास भेटतो, गोड बोलतो. टॉक्सिक लोकांपासून लांब राहण्यात काही चूक नाही, रक्ताचे असले तरी. मानसिक शांतता महत्त्वाची.

पेठेतली_थोरली

तुमचं तुम्हाला लाभलं हे चांगलंच आहे. पण आमचे भावजी टॉक्सिक नाहीत हो. माझ्या धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा रक्तासाठी रात्रभर शहर पालथं घालणारा माणूस आहे तो. आणि हेही वाईट नाहीत. दोन चांगली माणसं आहेत म्हणूनच जास्त त्रास होतो, वाईट असता एक जण तर केव्हाच सोपं झालं असतं. शिवाय वेगळं राहायचं म्हणजे सासूबाईंनी कुणाकडं राहायचं? ज्याच्याकडं राहतील त्याच्या पक्षाच्या झाल्या असा अर्थ निघणार.

निवृत्त_मास्तर_राजारामपुरी

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, आता फक्त वाचन. थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या जिल्ह्यात माणसं पक्षाला नाही, गटाला बांधलेली आहेत आणि गट हा उपयोगाचा असतो. दूध, ऊस, नोकरी, बदली, दवाखान्याचं पत्र. म्हणून तो रक्तात उतरतो. पण नेते गटाकडं कसं बघतात तेही पाहा. सदाशिवराव मंडलिक आणि हसन मुश्रीफ हे गुरु-शिष्य, पुढं त्यांच्यात टोकाचं वैर, कागल तालुक्यातली गावंच्या गावं त्यात दुभंगली. 2024 च्या लोकसभेला त्याच सदाशिवरावांचे चिरंजीव संजय मंडलिक यांच्या प्रचाराला मुश्रीफ होते. 2019 ला 'आमचं ठरलंय' म्हणत ज्या सतेज पाटलांच्या कार्यकर्त्यांनी पक्ष वेगळा असूनही मंडलिकांना निवडून आणलं, त्याच कार्यकर्त्यांनी 2024 ला काँग्रेसचे उमेदवार शाहू छत्रपती यांच्यासाठी मंडलिकांच्या विरोधात काम केलं. यात मी कुणाला दोष देत नाही, राजकारणात समीकरणं बदलतात, ती बदलायचीच. पण नेत्यांना वैर संपवायची एक सोय असते, स्टेज असतं, हार असतो, फोटो असतो. गावातल्या दोन भावांना तशी सोय कुणी करून देत नाही. ज्याच्यासाठी अबोला धरला तो पलीकडच्या स्टेजवर जाऊन बसला तरी अबोला आपला चालूच, कारण आता मागं कोणत्या तोंडानं यायचं.

दुसरं, धागाकर्तीने म्हटलंय की राजकारण चांगलं का वाईट हा विषय नको, ते ठीक. पण घरात राजकारण बोलायचंच नाही असा कोणी सल्ला देणार असेल तर माझा त्याला विरोध आहे. या शहरात 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा किती घरांत वाद झाले असतील! शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर बसले तेव्हा सगळ्या पक्षांचे लोक शेजारी बसले होते, आणि टोल गेला. माझ्या शेजारी बसलेला माणूस मी आयुष्यभर ज्यांच्या विरोधात मत दिलं त्यांचा कार्यकर्ता होता, पाण्याची बाटली एकच होती आमची. वाद करणारी माणसं एका कामाला एकत्र येऊ शकतात, गप्प बसणारी येत नाहीत.

दसरा_चौक

वाचत होतो, लिहू का नको असं झालं, तरी लिहितो.

तुमच्याकडं पक्ष फुटला म्हणून घर फुटलं. आमच्या घरात दुसऱ्या कारणानं दोन मतं झालीत. माझे वडील पेठेतल्या तालमीचे जुने सभासद. आमच्या तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. 2018 ते 2020 सलग तीन वर्षं दोन्ही एकत्र आले तेव्हा एकाच मांडवात दोन्ही होते, आरतीचं ताट आणि फातेहाचा मलिदा एकाच टेबलावर, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही कारण कोल्हापुरात ते वेगळं नव्हतंच. कुरुंदवाडला तर मशिदीत गणपती बसतो. मुस्लिम बोर्डिंग 1906 साली शाहू महाराजांनी काढून दिलं, त्याच्या सावलीत आमची तिसरी पिढी शिकली.

मग 7 जून 2023 झाला. काही जणांच्या स्टेटसवरनं शहर पेटलं, दगड पडले, इंटरनेट बंद झालं. आम्ही शटर ओढून आत बसलो होतो. माझ्या धाकट्या भावाला ओळखीची पोरं त्या गर्दीत दिसली, ज्यांच्याबरोबर तो शाहू स्टेडियमला मॅच बघायला जायचा. त्या दिवसापासून भाऊ म्हणतो तालमीचा नाद सोडा, आता पहिल्यासारखं नाही. वडील म्हणतात मी वर्गणी देणार, मांडवाची रात्रीची पाळीही करणार, माझी तालीम मी का सोडू. दोघांचंही खरं आहे. भाऊ घाबरून बोलतो असं वडिलांना वाटतं आणि वडील डोळे झाकून बसलेत असं भावाला वाटतं. ईदला दोघं गळाभेट घेतात पण पाच मिनिटांवर बोलणं जात नाही. मी मधला, ताई, म्हणून तुमचं निरोप्याचं वाक्य मला लागलं.

एक मात्र सांगतो. त्या रात्री तालमीतले चार जण, वेगवेगळ्या पक्षांचे, आमच्या बोळाच्या तोंडाशी खुर्च्या टाकून सकाळपर्यंत बसले होते. त्यांचं आपसात अजिबात पटत नाही. भावाला मी ते परत परत सांगतो. तो म्हणतो, चार होते, पण समोर किती होते? याला माझ्याकडं उत्तर नाही.

निवृत्त_मास्तर_राजारामपुरी

दसरा चौक, तुमच्या धाकट्या भावाला सांगा की त्याचा प्रश्न योग्य आहे. उत्तर आमच्या पिढीनं द्यायला हवं, त्यानं नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार.

वकीलबाई_कसबा_बावडा

वाटणीचा विषय निघालाय म्हणून कामाचं लिहिते, भावनेचं बाकीच्यांनी लिहिलंच आहे.

घर सासऱ्यांनी स्वतः घेतलेलं असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील तर तुमच्या सासूबाई, दोन्ही भाऊ आणि बहीण असेल तर बहीण, सगळे वर्ग एकचे वारस, प्रत्येकाला समान हिस्सा. वडिलोपार्जित असेल तर गणित थोडं बदलतं पण 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असो नसो. म्हणजे ही वाटणी दोन भावांची नाहीच. प्रॉपर्टी कार्डावर कुणाकुणाची नावं लागलीत ते आधी सिटी सर्व्हे ऑफिसला जाऊन बघा. सासूबाईंना जागेवरून हलवता येत नाही, आणि मुलांनी सांभाळलं नाही तर 2007 च्या कायद्यानं त्या प्रांताकडं अर्ज करू शकतात.

माझ्याकडं अशा फाईली बऱ्याच येतात. कागदावर लिहिलेलं असतं सामाईक भिंत, सांडपाणी, जिना. बोलायला बसवलं की अर्ध्या तासानं कळतं की कुणीतरी ग्रुपवर काहीतरी फॉरवर्ड केलं होतं. कोर्टात त्याचं काही करता येत नाही, कोर्ट जिना मोजणार. म्हणून दावा टाकण्याआधी एकदा सगळ्या वारसांना एकत्र बसवा, पण निकाल लागल्याच्या किंवा मतदानाच्या आठवड्यात नको.

मतभेदाचं म्हणाल तर कोल्हापुरात हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून आम्ही सहा जिल्ह्यांतले वकील चाळीस वर्षांच्या वर लढलो, बारमध्ये सगळ्या पक्षांची माणसं, बारच्या निवडणुकीत एकमेकांचं तोंड न बघणारी. 18 ऑगस्ट 2025 ला सर्किट बेंचचं काम सुरू झालं तेव्हा तीच माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. दुसऱ्या दिवसापासून परत भांडायला लागली, पण ती भांडणं ऑफिसात राहतात, घरी जात नाहीत.

पेठेतली_थोरली

वकीलताई खूप खूप आभार. नणंदेचा विषय तुम्ही काढलात आणि मला घाम फुटला, कारण तेच चाललंय. इचलकरंजीला असतात त्या. दोघेही भाऊ त्यांना वेगवेगळे फोन करतात की हक्कसोड माझ्या बाजूनं कर. म्हणजे बारा वर्षांत जिला भाऊबीजेला साडी सोडून काही दिलं नाही तिला आता पक्ष निवडायला लावलाय. परवा फोनवर रडल्या, म्हणाल्या वहिनी मला घर नको पण माहेर एकच पाहिजे.

आणि एक गोष्ट सांगते, नांदणी मठाची महादेवी हत्तीण वनतारात नेली, ती परत आणा म्हणून 2025 च्या ऑगस्टमध्ये पदयात्रा निघाली ना, तिला हेही गेले होते आणि भावजीही. वेगवेगळ्या गाड्यांतून, वेगवेगळ्या लोकांबरोबर. दोघांचे पाय सुजलेले, मी खाली द्यायला आणि जाऊबाईंनी वर न्यायला, दोघींनी एकाच वेळी मिठाचं पाणी गरम करायला ठेवलं. गॅस एकच असल्यानं मला माहितीय. एवढं एक असूनसुद्धा वेगळे कसे राहतात ही माणसं?

स्टेडियम_दक्षिण_बाजू

मी 19 वर्षांचा आहे, 2024 ला पहिलं मत दिलं. इथं सगळे मोठे बोलताय म्हणून पोरांच्या बाजूनं सांगतो. आमच्यात पप्पा आणि मामा असेच. आम्हाला काय होतं माहितीय का, मामाच्या पोराबरोबर मी लहानपणापासून खेळलो, आता मामाकडं गेलो की पप्पा विचारतात काय म्हणत होता तो, आणि मामा विचारतात तुझा बाप काय म्हणतोय. म्हणजे आम्हाला खबरी करून टाकलंय. म्हणून आम्ही दोघं बाहेरच भेटतो, रंकाळ्यावर नाहीतर मॅचला. तिथं मी एका पेठेचा तो दुसऱ्या पेठेचा, नव्वद मिनिटं इर्षेनं बोंबलतो, शिट्टी वाजली की भेळ खातो. मोठ्यांना शिट्टी कधी वाजते तेच कळत नाही.

पप्पांनी मत कुणाला द्यायचं ते सांगितलं होतं, मामानेही सांगितलं होतं. मी जाहीरनामे वाचून माझ्या मनानं दिलं आणि कुणाला सांगितलं नाही. सांगायची भीती वाटते ही गोष्ट मला पटत नाही पण आहे. काकू, तुमच्या पोरांना पण वाटत असणार, विचारून बघा.

पेठेतली_थोरली

बाळा, तुझा प्रतिसाद वाचून मोठ्याला विचारलं. तो आणि त्याचा चुलतभाऊ एकाच ॲकॅडमीत आहेत, घरातून वेगवेगळे निघतात आणि बिंदू चौकात एका गाडीवर बसतात. गेलं वर्षभर. मला माहिती नव्हतं.

सगळ्यांना मिळून सांगते काय ठरवलंय. जाऊबाईंशी बोलले, नणंदेला फोन केला. म्हाळाला नणंद येणार आहेत, तेव्हा सासूबाई, आम्ही तिघी आणि दोघं भाऊ, असे सहा जण बसणार. वकीलताई म्हणाल्या तसं प्रॉपर्टी कार्ड आधी काढून आणतोय. सासूबाईंनी स्वतःहून सांगितलंय की त्यांच्या हिश्शावर त्या कुणाच्याच बाजूनं सही करणार नाहीत, जिवंत असेपर्यंत त्यांचा हिस्सा म्हणजे स्वयंपाकघर आणि तिथं दोन्ही घरांचं शिजणार. वाटणी झाली तर होऊ दे, खोल्यांची होऊ दे.

आणि त्या बैठकीत मी माझं मत सांगणार आहे. घराबद्दलचं, आणि मी मत कुणाला देते तेही. मास्तर म्हणाले ते पटलं, गप्प बसून मी काही वाचवलेलं नाही. दोघंही चिडतील, कारण मी दोघांच्याही पक्षाची निघणार नाही. पण मग निदान मधे उभी राहून निरोप देणारी म्हणून नाही, तिसऱ्या मताची म्हणून तरी माझ्याशी बोलावं लागेल. जाऊबाई म्हणतात त्या पण सांगणार.

दसरा चौक भाऊ, तुमच्या धाकट्या भावाबद्दल सारखं मनात येतंय. तुमची तालीम कुठली ते इथं लिहू नका, पण मला व्यक्तिगत निरोपात कळवा. यंदा रात्रीच्या पाळीला आमच्याकडनं माणसं येतील. हे येतील का भावजी ते मला माहिती नाही, दोघांनाही वेगवेगळं विचारते.